अडुसष्ट

नियम असा : दिवसा अडुसष्ट, रात्री सहासष्ट.
फॅरनहाइट. खोलीच्या मधोमध,
जमिनीपासून तीन फुटांवर, भिंतीला न टेकवता.
एकवीस वर्षं मी हेच मोजतोय.
शिकागोच्या दक्षिण भागातल्या जिन्यांनी माझे गुडघे खाल्ले,
आणि लिफ्टवरच्या ‘बंद आहे’च्या चिठ्ठ्या
हस्ताक्षरांसकट ओळखीच्या झाल्या.

जानेवारीतला मंगळवार. तळ्यावरून आलेला वारा
कानाच्या पाळ्या कातरत होता.
चौथा मजला. दारावर नाव : डी. टगल.
स्वयंपाकघरात ओव्हनने आ वासलेला,
आत काही नाही,
समोर खुर्ची, खुर्चीवर उशी, उशीला माणसाचा खळगा.
‘काही शिजत नाहीये,’ ती म्हणाली,
‘मीच भाजत असते.
एक बाजू झाली की दुसरी.’

रेडिएटरला हात लावला. चटका बसला.
‘आज सकाळी सातपासून खडखडतोय.
तुम्ही येणार हे याला कोण सांगतं?’
मी पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
तपासणीची नोटीस आधी मालकाला जाते.
हे मला ठाऊक आहे. तिलाही असणार.

पारा स्थिरावायला पाच मिनिटं लागतात.
पाच मिनिटं एखाद्याच्या घरात
नुसतं उभं राहणं फार असतं.
खिडकीवर चिकटवलेलं प्लास्टिक
आत येत होतं, बाहेर जात होतं,
न्यूमोनिया झालेल्या पोराच्या छातीसारखं.
‘एकतीस वर्षं बस चालवली मी,’ डेल्फीन टगल म्हणाली.
‘हीटर बिघडला की सरळ डेपोत नेऊन उभी करायची.
घर कुठल्या डेपोत नेऊ?’

अडुसष्ट.
काटेकोर, टंच अडुसष्ट.
मी चौकटीत लिहिलं. खोटं नव्हतं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची येसेनिया आली,
बोटं कापलेले हातमोजे, नाकाचा शेंडा लाल.
ओव्हनपुढे बसून ती रोज गृहपाठ करते म्हणे.
दप्तरातून तिने वही काढली, गणिताची,
मागच्या पानावर पेन्सिलीने :
चोपन्न. एक्कावन्न. सत्तावन्न. एकोणपन्नास.
पुढे एका आकड्याला दोनदा गोल.
‘त्या रात्री बाळाचे ओठ निळे झाले होते,’ ती म्हणाली,
जशी शाळेत उत्तर देते तशी.
‘कशाने मोजलंस?’
‘माशांच्या पेटीतल्या थर्मामीटरने.
मासा डिसेंबरातच मेला.’

माशाच्या थर्मामीटरला आमच्याकडे किंमत नाही.
त्यावर महापालिकेचा शिक्का नसतो.
माणसाचा ताप चढला तर धावाधाव,
घराचा उतरला तर अर्ज,
आणि अर्जात आजच्या तारखेचीच चौकट.
मी तरी तिचे आकडे समासात उतरवू लागलो.
समास संपला. कागद उलटून मागे लिहिले.
एकोणचाळीस दिवस. एकही सुट्टी नाही,
नाताळसुद्धा नाही.
कुणी वाचणार नव्हतं. ऑफिसातलं यंत्र
फक्त पुढची बाजू टिपतं.
‘झालं?’ टगलबाईंनी विचारलं.
‘झालं.’
तिने ओव्हनची खुंटी जराशी चढवली. माझ्यासमोरच.

खाली येऊन गाडी सुरू केली.
हीटरची झोत तोंडावर. इंजिनची घरघर.
तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत कुणीतरी
काचेला वर्तमानपत्र चिकटवत होतं.
मी गाडी बंद केली. परत चार मजले चढलो.

उपकरण क्रमांक ४४१७, शिक्क्यासहित,
आता टगलबाईंच्या फ्रिजवर आहे,
जमिनीपासून तीन फुटांवर नाही, पण येसेनियाला स्टूल आहे.

ऑफिसात मी ‘हरवले’ असं लिहून दिलं.
कुठे, केव्हा, कसे, कोणाच्या निष्काळजीपणामुळे :
उपकरण हरवल्याचा अर्ज चार पानी असतो.
तो मात्र दोन्ही बाजूंनी टिपून घेतात.